फिल्म ४८ तासांत : तुमचा कुठला तास लक्षात राहिलाय?

शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता चिठ्ठी उघडायची आणि रविवारी साडेसातच्या आत फिल्म जमा करायची. लिहिणं, शूट, एडिट, संगीत, सबटायटल, सगळं त्याच दोन रात्रींत. '४८ अवर फिल्म प्रोजेक्ट' २००१ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला सुरू झाला आणि पुढे मुंबईतही आला. अहमदाबादेत २०११ साली 'इंडिया फिल्म प्रोजेक्ट' सुरू झाला, त्याची स्पर्धा ५० तासांची. कॉलेजांच्या फेस्टिव्हलमधल्या २४ तासांच्या स्पर्धा वेगळ्याच.

ज्यांनी कधी भाग घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ४८ तासांच्या प्रकारात माणसं आधी ठरवता येतात, जागा बघून ठेवता येते, कॅमेरा मागून आणता येतो. कथेचा मात्र एक शब्दही आधी लिहायचा नाही. जॉनर, म्हणजे कथेचा प्रकार, चिठ्ठी काढून मिळतो. शिवाय शहरातल्या सगळ्या टीमना एकच पात्र, एकच वस्तू आणि एकच वाक्य देतात, ते तिन्ही फिल्ममध्ये आलंच पाहिजे. लांबी ४ ते ७ मिनिटं. उशीर झाला तर फिल्म दाखवतात, पण स्पर्धेतून बाद.

बक्षीस मिळालं का, हे मी विचारत नाहीये. त्या ४८ पैकी एकच तास सांगा, जो अजून डोळ्यांसमोर येतो. माझ्यापासून सुरुवात करतो, त्याखाली बाकीच्यांनी सांगितलेले तास.

तास ५ वा. ठाणे, लेखन

रात्रीचे साडेअकरा. मावशीचा रिकामा फ्लॅट, आम्ही सहा जण. जॉनर आला होता रहस्य आणि वस्तू छत्री. सहा जणांच्या सहा कल्पना आणि प्रत्येकाला आपलीच आवडलेली. एकाला कोर्ट हवं होतं. एकीला लोकलचा प्लॅटफॉर्म हवा होता, पण रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शूट करता येत नाही आणि ती एका रात्रीत मिळत नाही. आवाज चढायला लागले तेव्हा आमच्यातली सगळ्यात शांत मुलगी उठली, फ्लॅटभर फिरून आली आणि एक कागद पुढे ठेवला : दोन खोल्या, जिना, गच्ची, एक गोदरेजचं कपाट ज्याची किल्ली हरवलीये. म्हणाली, "जे आहे त्यातनंच लिहू या ना."

सगळे गप्प झाले. कपाटाकडे बघायला लागले. त्या घरात मी लहानपणापासून जातोय, ते कपाट मला कधी दिसलंच नव्हतं. पहाटे तीनला १० पानं झाली. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणजे निदान तीन पानं उडवायची होती. उडवली. कपाट शेवटपर्यंत उघडलं नाही.

तास २० वा. पुणे, आवाज

बूम धरणारी मी होते. जळमटं काढायच्या काठीला चिकटपट्टीनं माइक बांधला होता, तोच आमचा बूम. जानेवारीतला शनिवार, दुपारचे अडीच, सदाशिव पेठेतलं जुनं घर. आमचे दोन्ही नट एकांकिकांमधून आलेले. पुरुषोत्तम करंडकात भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय झालेला आवाज, आणि माइक तोंडापासून दोन फुटांवर. तीन टेकमध्ये आवाज फाटला. चौथ्याआधी मी बोलणाऱ्या नटाला म्हटलं, "तू सगळ्यांना नको सांगूस. मला एकटीला सांग, मी इथे तुझ्या कानाशी उभी आहे."

तो खरंच हळू बोलला. आणि मग कळलं की त्या खोलीत किती आवाज आहेत. फ्रीजची घरघर, पंखा, गल्लीत भंगारवाला, वरच्या मजल्यावर मिक्सर. पंखा बंद केला. फ्रीज बंद केला आणि माझ्या स्कूटीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली, म्हणजे निघताना फ्रीज उघडावाच लागतो आणि तो परत चालू करायची आठवण होते. ही युक्ती सगळ्यांनी घ्या. मिक्सरसाठी वर गेले.

"काकू, दहा मिनिटं मिक्सर थांबवता का? खाली शूटिंग चाललंय."

"थांबवते. पण मी बघायला आले तर चालेल का गं?"

काकू मटाराच्या शेंगा आणि स्टीलची परात घेऊनच आल्या आणि दाराशी खाली बसल्या. टेक उत्तम झाला. मग मी सगळ्यांना सांगितलं, आता एक मिनिट कोणी हलायचं नाही, खोलीचा नुसता आवाज घ्यायचाय. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एडिट करताना दोन वाक्यांमधली फट तिनंच भरावी लागते, नाहीतर तिथे आवाजात भोक पडल्यासारखं होतं.

वीसेक सेकंद गेले आणि हेडफोनमध्ये 'टक्' झालं. शेंग उघडली आणि दाणे परातीत पडले. काकूंना वाटलं, संपलं. दिग्दर्शक वळला, मी हातानंच त्याला थांबवलं आणि रेकॉर्डिंग चालू ठेवलं. पहिले दाणे परातीत खणखणीत वाजतात. मग तळ झाकत जातो तसा आवाज मऊ होत जातो, आणि शेवटी दाण्यावर दाणा पडतो तेव्हा जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. परात भरेपर्यंत मी तशीच उभी होते, खांदे भरून आले होते. आमच्या फिल्मच्या शेवटच्या सीनखाली दुसरं संगीत नाही, फक्त तेवढंच आहे. श्रेयनामावलीत 'ध्वनी' खाली काकूंचं नाव माझ्या आधी आहे.

नाशिक, सगळं थोडं थोडं

फ्रीजची युक्ती आत्ता कळली. आमच्याकडे घरमालकांचं दोन लिटर दूध नासलं होतं, ते दुसऱ्या दिवशी आणून दिलं. माझा तास सांगण्यासारखा नाही, पण एक कळकळीनं सांगते : दुसऱ्या रात्रीनंतर कोणालाही गाडी चालवू देऊ नका. आमचा कॅमेरामन रविवारी संध्याकाळी बाईकवर पेंगला आणि दुभाजकाला घासून गेला. ढोपर सोलवटलं, तेवढ्यावर निभावलं. जमा करायला जायच्या रिक्षाचे पैसे शुक्रवारीच बाजूला काढून ठेवा.

तास ३१ वा. कोल्हापूर, कॅमेरा

मोबाइलवर शूट केलेलं. ट्यूबलाईटखालचा अख्खा सीन लॅपटॉपवर लावला तर भिंतीवरनं काळपट पट्ट्या सरकत होत्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/५० नाहीतर १/१०० सेकंदाला बांधून ठेवायला पाहिजे होतं, माझं ऑटोवर राहिलं. सीन परत घ्यायचा ठरला, पण रात्रीचे दीड वाजलेले आणि नऊ वर्षांचं पोरगं आजीच्या मांडीवर गाढ झोपलेलं. उठवायला कुणाचंच मन होईना. मग लिहिणाऱ्यानं तिथंच बसून सीन बदलला. आधी पोरगं आईला प्रश्न विचारत होतं, आता आई झोपलेल्या पोराशी बोलते आणि ते उत्तर देत नाही. लई चांगला झाला तो सीन. आजीचा हात पण फ्रेममध्ये ठेवला.

तास ४८ वा. नागपूर, एडिटिंग

मे महिना. सहा वाजून दहा मिनिटांनी मी फिल्म एक्स्पोर्टला टाकली, म्हणजे एडिटमधून तयार फाइल काढायला. लॅपटॉपनं २२ मिनिटं दाखवली. थोड्या वेळानं ३५. मग ५०. लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कूलरसमोर न्यावा तर हवा दमट. शेवटी खाली दोन वाट्या उपड्या ठेवून त्याला उंच केलं आणि दोघी जणी वह्यांनी वारा घालत बसलो. कोणी बोलत नव्हतं. आकडा सरकतोय का, तेवढंच बघत होतो.

११ मिनिटं उशीर झाला. फिल्म दाखवली गेली, टाळ्याही मिळाल्या, पण स्पर्धेत नव्हती. पाच वाजताच मैत्रीण म्हणाली होती, "रंग राहू दे न आता, काढून घे आधी." मी अर्धा तास रंगांवर घालवला. त्या सहा जणांच्या दोन रात्री माझ्या हातात होत्या, हे मला अजून टोचतं. आता ४० व्या तासाला फिल्म जशी असेल तशी एकदा काढून पेनड्राइव्हवर ठेवते, मग पुढचं. फोनवर शूट करणाऱ्यांनी आणखी एक बघा : काही फोन फ्रेमचा वेग मध्येच कमी-जास्त करतात. वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला ओठांशी जुळतो आणि लांब टेकच्या शेवटी मागेपुढे होतो. एडिटला बसण्याआधी सगळे क्लिप एका ठरावीक वेगात बदलून घ्या. त्यात आमचा आणखी एक तास गेला होता.

तास २७ वा. वॉशिंग्टनजवळ, दिग्दर्शन

आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आमची नटी शनिवारी सकाळी आजारी पडली आणि घरात आईच होती. मी तिला म्हटलं, "आई, तू फक्त खिडकीशी बसून फोनवर बोलायचंस. कल्पनेतल्या बहिणीशी."

"कल्पनेतली कशाला? माझी आहे की."

तिनं खरंच मावशीला फोन लावला. आमच्याकडे रात्रीचे नऊ, सांगलीत सकाळचे साडेसहा. मी कॅमेरा चालू केला. मावशीनं विचारलं, पायाची सूज उतरली का, तिकडं मेथी मिळते का. आई हसत सगळ्याची उत्तरं देत होती. मग जरा थांबली आणि म्हणाली, "इथं सगळं आहे गं. पण दुपार सरत नाही."

आम्हाला तिनं तीन महिन्यांत हे कधी सांगितलं नव्हतं. मी कॅमेऱ्यामागे होतो, फोकस तिच्यावर होता, मी काहीच हलवलं नाही. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "झालं का? परत बोलू?"

ते वापरू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली वापर, पण तुझ्या मावशीलाही विचार. तसंही ज्याचा चेहरा नाहीतर आवाज फिल्ममध्ये आहे त्याची सही लागते. त्या वेळी सांगलीत झेरॉक्सचं दुकान कुठलं उघडं असणार? मावसभावानं संमतीपत्र फुलस्केपवर हातानं उतरवून काढलं, मावशीनं सही केली, फोटो आला. 'दुपार सरत नाही' याचं सबटायटल करायला आम्ही चौघं वीस मिनिटं बसलो होतो. त्या इंग्रजी ओळीबद्दल मी अजून समाधानी नाही.

सोमवारपासून मी दुपारी जेवायला घरी यायला लागलो.

तास २२ वा. सावंतवाडीजवळ, दिग्दर्शन

अर्धा सीन पावसात घेतला आणि पाऊस थांबला. लख्ख ऊन. पात्रं भिजलेली, बाग निथळतेय, पण पडणारा पाऊस नाही. मामा पोफळींखाली उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "आता काय करतलास?" मी काहीच बोललो नाही. "थांब, पंप लावतंय."

मामांनी बागेला पाणी द्यायचा पाइप घेतला, तोंडावर अंगठा धरला आणि फवारा असा उंच सोडला की पाणी वरून खाली पडावं. आधी दिसेचना. मग कॅमेरा उलट्या बाजूला नेला, ऊन पाण्याच्या पाठीमागून यायला लागलं आणि प्रत्येक थेंब चमकायला लागला. पाऊस पडद्यावर दिसायचा तर उजेड त्याच्या पाठीशी हवा, हे त्या दिवशी शिकलो. चाळीस मिनिटं मामांनी अंगठा काढला नाही. संध्याकाळी बघितलं तर तो पांढराफटक पडून सुरकुतला होता.

तास ४५ वा. पुणे, दिग्दर्शन

बरेच दिवस लिहू की नको करत होतो.

आमच्या एडिटरचे बाबा साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं आले होते. निवृत्त कारकून, आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नव्हते. इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून पिशवीत वेगळा घडी करून आणलेला, स्वारगेटला उतरून बदलला. बँकेतल्या कॅशियरचा सीन होता, ४० सेकंदांचा. नऊ टेक झाले. प्रत्येक टेकनंतर विचारायचे, "अजून एकदा करू का?" मला त्यांचा सीन मनापासून आवडला होता.

रविवारी चार वाजता फिल्म ८ मिनिटं १० सेकंद होती. कडेकडेनं सगळं तासलं तरी ७ च्या आत येईना. उरला होता तो एकच सीन, ज्याच्याशिवाय कथा चालत होती. मी बोललो नाही. एडिटरच्या शेजारी बसून नुसता पडद्याकडे बघत राहिलो. खरं तर ते मी म्हणायला हवं होतं, दिग्दर्शक मी होतो. तो म्हणाला, "मला माहितेय," आणि स्वतःच सीन काढला. मग मागे गेला आणि नोटा मोजणाऱ्या हाताचा दोन सेकंदांचा तुकडा परत ठेवला.

थिएटरात दाखवली त्या दिवशी बाबा आत्याला घेऊन आले होते. आम्ही त्यांना आधी सांगितलं नव्हतं, दोघांचीही जीभ रेटली नाही. फिल्म संपली, दिवे लागले. मी मागच्या रांगेत होतो. ते पलीकडच्या अनोळखी माणसाकडे वळले आणि बोटातली अंगठी दाखवून म्हणाले, "मघाचा तो हात माझा होता."

८ मिनिटं १० सेकंदांचा कट माझ्या हार्डडिस्कवर आहे. दिवाळीत साताऱ्याला घेऊन जाणार आहे. त्यांच्या टीव्हीला कुठली केबल लागते ते विचारून ठेवलंय.