खाऊ दाखवल्याशिवाय न बसणारा कुत्रा शिकलेला म्हणायचा का?

वैतागलेला_मालक:
आमचं ध्यान अकरा महिन्यांचं आहे. 'बस' म्हटलं की आधी माझी मूठ हुंगतो. खाऊ असेल तर बूड टेकतं, नाहीतर मी त्याची उधारी बुडवली असावी तसा माझ्याकडे बघत राहतो. याला शिक्षण म्हणत नाहीत, लाचखोरी म्हणतात. पट्ट्याला एक हिसका, एक दरडावणी, की काम झालं. कळपाचा म्होरक्या कोण, हे त्याला कळायलाच हवं.

खिसाभर_खाऊ:
लाच आधी दाखवतात, पगार काम झाल्यावर मिळतो. तुम्ही पहिल्या पायरीवरच अडकलात. खाऊ नाकाजवळून डोक्यावरून मागे नेला की मान वर जाते आणि बूड खाली. हे चार-पाचदाच करायचं. मग हाताची खूण तीच, मूठ मात्र रिकामी. खाऊ खिशातून काढायचा, तो बसल्यावर, लगेच. रेंगाळलात तर तोवर तो उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं! पक्कं झालं की दर वेळी देऊ नका. कधी तिसऱ्यांदा, कधी सातव्यांदा.

जुना_खोड:
धागाकर्त्याशी सहमत. माझी तीन कुत्री हिसक्यावरच शिकली. एकही कुणाला चावलं नाही.

नुसता_वाचक:
चावली नाहीत, छान. पण हिसका बसतो त्या क्षणी समोर लहान मूल असेल, तर कुत्रा दुखण्याची सांगड त्या मुलाशी घालू शकतो.
आणि तो म्होरक्या आता निवृत्त करा. १९४७ साली प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तिथून ही कल्पना आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती पसरली आणि १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं.

जुना_खोड:
लांडगे राहू द्या रानात. रस्त्यापलीकडे मांजर दिसलं आणि मधून गाडी येतेय. तुमचा खाऊ तेव्हा काय करणार?

खिसाभर_खाऊ:
काहीच नाही. तुमची जरबही नाही. तिथे हातात पट्टाच हवा.
'ये' आधी घरात, मग अंगणात, मग मोकळ्या जागी लांब दोरीवर घोटायचं. आणि 'ये' म्हणून बोलावून कधीही रागवायचं नाही. नखं कापायला, आंघोळीला त्या शब्दाने बोलवायचं नाही, आपण उठून जायचं. नाहीतर तो शब्द नासतो. नासलाच तर नवा शब्द घेऊन पहिल्यापासून सुरुवात.

वैतागलेला_मालक:
काल नेमकं हेच केलं. चप्पल कुरतडलेली दिसली, 'ये' म्हणून बोलावून झापला. पण चूक त्याला कळली होती हो, तोंड बघायला हवं होतं!

नुसता_वाचक:
ते तोंड तुमच्या आवाजाला होतं. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. कुत्र्याने आगळीक केली असो वा नसो, मालक रागावला की 'अपराधी' चेहरा दिसायचा.

जुना_खोड:
आमच्या वेळी कुत्र्यांचे चेहरे तपासत नव्हते.

वैतागलेला_मालक:
दोन दिवस रिकामी मूठ करून पाहिली. पाच वेळा ढिम्म, सहाव्यांदा बसला. खाऊचा डबा फ्रिजवर ठेवलाय, तिथून काढून देतो. आता तो फ्रिजसमोर जाऊन बसतो, न सांगता.