मदत हवी आहे: रेकॉर्डिंग बंद झाल्यावर सिस्टर जे बोलतात, ते प्रबंधात घेता येतं का?

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याआधी सहा वर्षं आयसीयूत ड्युटी केली. प्रबंधाचा विषय: शेवटच्या अवस्थेतल्या पेशंटची शुश्रूषा करताना नर्सेसना येणारे अनुभव. अभ्यास गुणात्मक (आकडे नाहीत, अनुभव), कोलायझीच्या पद्धतीनं, म्हणजे मुलाखतींतून अनुभवाचा अर्थ सात पायऱ्यांत शोधायचा. आठ मुलाखती झाल्या आणि गाडी अडली.

मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं की सिस्टर तोंडी परीक्षेला बसल्यासारख्या बोलतात. "नातेवाइकांना मानसिक आधार देतो, पेशंटची डिग्निटी जपतो." हे मीही पेपरात लिहिलंय! मोबाईल पर्समध्ये गेला, चहा आला, की खरं सुरू होतं. एक सिस्टर, वीस वर्षं नोकरी झालेल्या. जतकडचे एक आजोबा होते (तपशील बदललेत). घरी नेतो म्हणून मुलांनी सही केली. स्ट्रेचरवरून जाताना आजोबांनी सिस्टरचा हात धरून कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. यांना कन्नड येत नाही. यांनी "हो, हो" म्हटलं. "कशाला हो म्हटलं मी, अजून कळलं नाही बघ."

दुसरी एक बॉडी पॅक करताना पेशंटशी बोलत राहते, "काका, आता हात वळवते हं." रेकॉर्डिंगमध्ये याचा पत्ता नाही. आणि माझ्या संमतीपत्रावर फक्त 'ध्वनिमुद्रित मुलाखत' असं आहे.

शिवाय मी त्यांच्यातलीच. "तुला माहितीच आहे की" म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडतात, मला खरंच माहीत असतं, म्हणून मी पुढं विचारत नाही. घरी लिहून काढताना बघते तर कागद कोरा.

भाषांतराचंही आहेच. डॉक्टरांना सांगताना सिस्टर 'एक्स्पायर झाला' म्हणतात, जीव लागलेल्या पेशंटबद्दल 'गेले'. इंग्रजीत दोन्हीचं एकच होतं. गाइडना तर तीसचा नमुना आणि टक्केवारी हवी आहे. काय करू?

प्रतिसाद १

ताई, न विचारता वापरू नका. एकदा घेतलेली सही म्हणजे कायमची परवानगी नव्हे. पण वाट आहे. त्याच रात्री त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, मग वही घेऊन परत जा, वाचून दाखवा, "हे घेऊ का?" विचारा. नाही म्हणाल्या तर पान फाडायचं. कोलायझीची सातवी पायरी तरी दुसरं काय आहे? आपल्याला जे कळलं ते घेऊन बोलणाऱ्या माणसाकडं परत जायचं. तुम्ही थोडं लवकर जाल, इतकंच. संमतीपत्रातला बदल मात्र आधी एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या, नाहीतर व्हायव्हाला तिथंच धरतील.

"माहितीच आहे की" आलं की म्हणायचं, "माझं राहू द्या, तुमच्या वॉर्डात त्या दिवशी काय झालं?"

प्रतिसाद २

विश्लेषण मराठीतच करा, इंग्रजी अगदी शेवटी. 'गेले' आणि 'एक्स्पायर' यांतला फरक हीच तुमची एक थीम आहे, ती भाषांतरात हरवू देऊ नका. मूळ शब्द देवनागरीत ठेवून खाली अर्थ द्या. आठ जणींची टक्केवारी काढून काय मिळणार? नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं, हे सॅच्युरेशनचं कारण गाइडना लेखी द्या.

प्रस्तावनेत अरुणा शानभाग प्रकरण जरूर घ्या. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स, हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या. १९७३ ते २०१५ केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं आणि त्यांच्या दयामरणाच्या अर्जावरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. कमिटीचा अर्ज आजच लिहायला घेते.

एक राहिलंच. त्या सिस्टरना आजोबांचे शब्द अजून जसेच्या तसे पाठ आहेत, अर्थ न कळता. आमच्या वॉर्डातल्या एका मावशींना कन्नड येतं. विचारू का त्यांना, की नको? ठरेना.