बाई परत ठेवावी की आता आपणच करावं? (मुलुंड, दोघंही नोकरीवाले)

मुलुंडचा_मुक्काम:

मंडळी नमस्कार, वाचतोय बरेच दिवस, लिहितोय पहिल्यांदा. प्रश्न फालतू वाटेल पण घरात गेले पाच दिवस यावरून अबोला नाही तरी त्याच्या आसपासचं काहीतरी चालू आहे.

आमच्याकडे आठ वर्षं एकच मावशी येतात. भांडी आणि केर-लादी. भांड्यांचे १४००, केर-लादीचे १३००, दिवाळीला एक पगार जास्त. (पोळ्यांच्या ताई वेगळ्या, तो विषयच नाही, त्यांना सोडायचं ठरलं तर मी घर सोडेन.) मावशी लेकीच्या बाळंतपणाला चिपळूणकडे गावी गेल्या, महिनाभर सांगून गेल्या त्याचा झाला दीड महिना. बदली म्हणून एक बाई देऊन गेल्या होत्या, ती चार दिवस आली आणि पाचव्या दिवशी आमच्याच विंगमध्ये सातव्या मजल्यावर जास्त पैशांवर चिकटली, लिफ्टमध्ये भेटते, हसते. मग म्हटलं करूया आपणच, दोन खोल्या आणि तीन माणसं, कितीसं असणार.

माझं ऑफिस ऐरोलीला, आठवड्यातून तीन दिवस जायचं, बाकी घरून. बायको फोर्टला बँकेत, पावणेआठला निघते ती रात्री आठला घरात. मुलगा तिसरीत. त्यामुळे काम साहजिकच मी अंगावर घेतलं आणि खोटं कशाला बोलू, मला आवडलं. रात्री कानात इयरफोन घालून भांडी घासायला जी मजा येते ती ऑफिसच्या एकाही कामात येत नाही. कुकरच्या बुडाला लागलेली डाळ आधी पाणी घालून ठेवायची हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मी फोनवर टायमर लावून बघितलं. सकाळची भांडी २५ मिनिटं, रात्रीची ३५, केर-लादी ४०, एकूण १०० मिनिटं. महिन्याचे २६ दिवस धरले तर ४३ तास. २७०० भागिले ४३ म्हणजे तासाला साधारण ६२-६३ रुपये वाचतात. वर्षाचे बोनस धरून ३५,१०० होतात, शिवाय जिम बंद केली तरी चालेल असं मला वाटतं (पोट थोडं आत गेलंय).

बायकोला हे एक्सेलमध्ये दाखवलं तर ती म्हणाली मावशींना फोन कर आणि कधी येताय विचार. मी म्हटलं अगं पण मी करतोय ना सगळं. तर म्हणाली "सगळं" आणि आत गेली. त्यानंतर विषय बंद.

आणि काल मावशींचाच फोन, साहेब सोमवारपासून येऊ ना? मी म्हटलं सांगतो. तेव्हापासून जेवण जात नाहीये नीट. काय करावं?

खिडकीतली_कुंडी:

एकच विचारते. लादी पुसून झाल्यावर फडकं कुठे ठेवता?

मुलुंडचा_मुक्काम:

बादलीतच. का?

खिडकीतली_कुंडी:

आणि मग?

मुलुंडचा_मुक्काम:

मग दुसऱ्या दिवशी घेतो.

(थांबा. वास येतो म्हणून बायको काहीतरी म्हणत होती.)

खिडकीतली_कुंडी:

तर ते फडकं रोज रात्री कोणीतरी साबणात घालून, पिळून, बाथरूमच्या खिडकीत वाळत घालतंय, आणि ते कोण ते आता तुम्हीच शोधा 😄

चिडू नका, आमच्या घरी पण हेच झालं होतं लॉकडाऊनमध्ये. नवरा भांडी घासायचा, खरंच छान घासायचा, कौतुक. पण सिंकच्या जाळीतला भात तसाच. गॅसखालचा ओटा तसाच, शेगडी उचलून पुसायची असते हे त्याला माहीतच नाही. घासलेली भांडी टोपल्यात पालथी, ती मांडणीवर लावायची कोणी? चहाचं गाळणं महिन्यातून एकदा गॅसवर धरून जाळायचं असतं. भांड्यांचा साबण संपत आलाय हे कोणाच्या लक्षात येतं? तुमचा टायमर नळ सुरू केल्यापासून नळ बंद करेपर्यंत चालतो. तुमच्या मावशी आठ वर्षं यातलं निम्मं मुकाट करत असणार, पगारात न धरता. त्या गेल्यावर ते निम्मं तुमच्याकडे आलंच नाही, ते बायकोकडे गेलं, तेही रात्री आठनंतर. "सगळं" म्हणून आत गेली ती त्यामुळे, असा माझा अंदाज.

चाकरमानी_७७:

कुंडीताईंना +१. सरकारचा वेळेच्या वापराचा सर्व्हे असतो, २०२४ चा २०२५ मध्ये आला, त्यात घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. आणि ही ८८ म्हणजे जे पुरुष काम करतात त्यांची सरासरी, जे करतच नाहीत ते त्यात धरलेलेच नाहीत. तुम्ही १०० वर आहात म्हणजे सरासरीच्या वर आहात, बायकोला हे मात्र सांगू नका.

पण मला हिशोबाबद्दल बोलायचंय कारण तो पोटात दुखण्याइतका चुकलाय. १०० मिनिटं तुम्हाला लागतात. मावशींना तेवढ्याच कामाला फार तर पन्नास लागत असतील, मी बघितलंय, आमच्याकडच्या बाई फोनवर बोलत बोलत वीस मिनिटांत डोंगर उतरवतात. म्हणजे त्यांना तासाला सव्वाशेच्या आसपास पडतात. ६२ हा आकडा मावशींचा नाही, तो तुमच्या हळूपणाचा आहे.

दुसरं म्हणजे लोक उलट हिशोब पण करतात, माझा तास पाचशेचा मग मी भांडी का घासू. अरे पण रात्री साडेनऊ ते दहा तुझा तास कोण पाचशेला घेतंय? मी बाई लावली तेव्हा म्हटलं होतं त्या वेळात जर्मन शिकेन. दोन वर्षं झाली, मला गुटेन मॉर्गन येतं. बाकी वेळ रील्सना गेला. तेव्हा पैशाने हा प्रश्न सुटत नाही हे माझं मत, २७०० ने तुम्ही गरीबही होत नाही आणि ३५,००० ने श्रीमंतही.

कांजूरची_पोर:

मी सहसा अशा चर्चेत लिहीत नाही, पण आज लिहिते.

माझी आई बावीस वर्षं पवईत पाच घरं करायची. आम्ही टेकडीवर राहायचो, ती पावणेसहाला पाणी भरून निघायची. एखादं घर सुटलं की आमच्याकडे कसलं एक्सेल नव्हतं, पण रॉकेलपासून माझ्या क्लासच्या फीपर्यंत काय पुढे ढकलायचं ते त्याच संध्याकाळी ठरायचं. म्हणून "सांगतो" हे उत्तर देऊ नका. हो किंवा नाही सांगा, आजच सांगा. सोमवारची वाट बघत त्या दुसरं घर धरत नसतील.

नाही म्हणायचं असेल तर तेही चालेल, खरंच. आईला दया दाखवून ठेवलेली घरं अजिबात आवडायची नाहीत, तिथे प्रत्येक गोष्टीत उपकार असायचे, शिळं सुद्धा ऐकवून द्यायचे. पण आठ वर्षांनंतर सोडत असाल तर एक महिन्याचा पगार हातात द्या आणि तुमच्या ओळखीत दुसरं घर बघून द्या. सोसायटीचा ग्रुप कशाला आहे, हरवलेल्या मांजराचेच फोटो टाकायला?

आणि एक विचारू? त्या दीड महिन्याचा पगार दिलात का? तुम्ही भांडी घासून वाचवलेत म्हणताय ते पैसे त्यांच्या खाड्याचेच आहेत. तुमचं ऑफिस बाळंतपणाला सुट्टी देतं तेव्हा पगार कापतं का ते आठवून बघा.

अजून एक कामाची गोष्ट. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ पासून कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, १८ ते ६० वयात नाव नोंदवता येतं. आई नोंदवायला गेली तेव्हा कुठे काम करता त्याचा कागद मागितला, पाचातल्या तीन घरांनी सही दिली नाही, उगाच कशात अडकायला नको म्हणून. तुम्ही बाई ठेवा नाहीतर सोडा, तो कागद मात्र सही करून द्या.

मुलुंडचा_मुक्काम:

@कांजूरची_पोर, पगार नाही दिला. डोक्यातच आलं नाही, त्यांनी मागितला पण नाही. वाईट वाटतंय. आज करतो.

दादरचा_चक्रम:

अहो एवढं रामायण कशाला, डिशवॉशर घ्या. माझ्याकडे पाच वर्षं आहे. लोक म्हणतात भारतीय भांडी निघत नाहीत, निघतात, ७० डिग्रीवाला प्रोग्राम लावायचा आणि खरकटं आधी काढायचं. पाणी दहा-बारा लिटर जातं, नळाखाली तुम्ही इयरफोन लावून घासताय तेव्हा किती जातं ते एकदा बादलीत धरून मोजा. पालिकेचं पाणी तलावाचं, मऊ, त्यामुळे मीठ फारसं लागत नाही. टँकर किंवा बोअर असेल तर मात्र पांढरे डाग पडतात.

अडचणी पण सांगतो. अ‍ॅल्युमिनियमची कढई-पातेली काळी पडतात, कुकर जर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तोही. पोळपाट-लाटणं, बिडाचा तवा हातानेच. एक फेरी दोन-अडीच तास चालते, चमचा हवा असेल तर दार उघडून गरम वाफ तोंडावर घ्यायची. आणि जागा! आमच्या किचनमध्ये मावला नाही म्हणून ड्राय बाल्कनीत ठेवलाय, तिथलं वॉशिंग मशीन आता पॅसेजमध्ये आहे आणि चपलांचा स्टँड दाराबाहेर, ज्यावरून सेक्रेटरीची नोटीस आली.

आणि हो, भरायचं आणि रिकामा करायचं काम कोणाचं हा प्रश्न शिल्लक राहतोच. आमच्याकडे त्यावरून भांडण होतं.

गिरगावच्या_काकू:

मुला, तुला गंमत सांगते. आमच्या लहानपणी गिरगावात चाळीत घरोघर "रामा" असायचा. कोकणातले गडी, नाव काही का असेना, हाक रामा. भांडी, कपडे, पाणी भरणं, लादी सगळं पुरुष करायचे, गॅलरीत धोतर खोचून पातेली घासत बसलेले असायचे आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. हेच गडी गावी गेले की स्वतःच्या घरी पाण्याचा तांब्या पण उचलत नसणार, हे आमची आजी म्हणायची. तेव्हा पुरुषाला हे काम जमतं हे मुंबईने कधीच बघितलंय, तू काही नवीन शोध लावलेला नाहीस, रागावू नको हो.

माझं आता वय सत्तर, मी पंचावन्नपर्यंत सगळं हाताने केलं, बाई ठेवली की सासूबाईंना वाटायचं सून आळशी. त्याचं फळ म्हणजे दोन्ही गुडघे. लादी वाकून पुसत असशील तर काठीचा मॉप आण. आणि बायकोला विचारलंस का तिला काय हवंय? इथे दहा जणांना विचारलंस, चांगलं आहे, पण ती आतल्या खोलीत बसली आहे.

ठाणे_स्लो:

मधला मार्ग म्हणून ते अ‍ॅपवालं पण बघा, दहा-पंधरा मिनिटांत बाई दारात, तासावर पैसे. मी महिनाभर केलं. सुरुवातीला ऑफर होती म्हणून स्वस्त वाटलं, ऑफर संपल्यावर रोजचं गणित मावशींच्या वर गेलं. काम चांगलं करतात, त्यात वाद नाही, पण रोज नवीन चेहरा, रोज नव्याने सांगायचं की हा डबा पिठाचा, हे फडकं ओट्याचं ते लादीचं, निर्लेपच्या तव्याला तारेची घासणी लावू नका. एकीने लावलीच. पाहुणे येणार असतील किंवा खाडा असेल तेव्हा ठीक.

मुलुंडचा_मुक्काम:

अपडेट देतो, सगळ्यांचे आभार.

काकूंचं ऐकून आत गेलो आणि विचारलं. आधी "काही नाही" झालं, मग तासभर बोललो. फडकं तीच धूत होती. सिंकची जाळी, ओटा, ओल्या कचऱ्याचा डबा, रविवारी फ्रीज. मुलाचा डबा रोज शाळेतून येतो त्याच्या झाकणाची रबर काढून धुवायची असते, मी दीड महिना रबरसकट धुतोय, तिने ती रबर काढून दाखवली, आतलं काय सांगू. जेवत असाल तर राहू दे. तिचं म्हणणं तिला मी भांडी घासायला हरकत नाही, पण मी घासतो त्याचं रोज कौतुक करावं लागतं ते तिला नकोय. हे मी एक्सेलमध्ये धरलं नव्हतं.

मग मावशींना फोन केला. दीड महिन्याचे पैसे जीपेवर टाकतो म्हटलं तर आधी नको नको, मग मुलाचा नंबर दिला. नातू झालाय, साडेतीन किलोचा. कागदाचंही सांगितलं, आधार कार्ड घेऊन येते म्हणाल्या. सोमवारी या म्हटलं तर थोडं थांबून म्हणाल्या, साहेब मीच सांगणार होते, गुडघे आता लादीला वाकत नाहीत, भांडी करीन, उभ्याने होतात, लादीला दुसरी कोणतरी बघा. मी इथे त्यांना ठेवायचं की नाही यावर तीन दिवस चर्चा करतोय आणि त्यांचं त्यांनी ठरवून टाकलेलं.

तर भांडी मावशी, लादी मी. माझी आवडती भांडी गेली. काठीचा मॉप काल स्टेशनजवळून आणला, ४५० ला, बायकोनेच भाव केला.

खिडकीतली_कुंडी:

मॉपचं डोकं पण धुवायचं असतं. सांगून ठेवते.