अ‍ॅश लावताय, पण बेचकं बघा
दोन-तीन वर्षांत अंगणात सावली हवी म्हणून अ‍ॅश (थंड प्रदेशातलं एक मोठं, पानगळीचं झाड) लावावा का, असं एकाने विचारलंय. अ‍ॅश भराभर वाढतो हे खरं, पण दोन-तीन वर्षांत सावली म्हणजे जरा अतीच झालं.

मला खरी भीती बेचक्याची वाटते. याच्या फांद्या समोरासमोर फुटतात, त्यामुळे शेंडा मोडला की बरोबरीचे दोन शेंडे सुटतात. त्यांच्यामधल्या अरुंद खाचेत साल आत दाबली जाते, जोड कच्चा राहतो आणि झाड भरात आलं की एखाद्या वादळात उभं चिरतं. रोप मनगटाएवढं असतानाच एक शेंडा ठेवून दुसरा काढा.

आणि जागा अमेरिकेत असेल तर सरळ दुसरं झाड बघा. २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडलेल्या हिरव्या भुंगेऱ्याने, म्हणजे एमराल्ड अ‍ॅश बोररने, तिथे कोट्यवधी अ‍ॅश संपवलेत. अळ्या सालीखाली नागमोडी पोखरतात. सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी, जेमतेम तीन मिलिमीटरची भोकं दिसेपर्यंत शेंडा बहुधा वाळायला लागलेला असतो.

हिरवा अ‍ॅश (ग्रीन अ‍ॅश) या जातीत नर-मादी झाडं वेगळी असतात. अंगण झाडायचा कंटाळा असेल तर नर घ्या, पंखवाल्या बियांचा खच पडत नाही.