एव्हलिन अंडरहिल आणि जादूविधी: नेमकं कुठे वाचावं?

पुस्तककिडा: ख्रिस्ती अध्यात्मावर लिहिणारी अंडरहिल 'गोल्डन डॉन'सारख्या मंत्रतंत्राच्या मंडळात कशी? यावर तिने स्वतः काही लिहिलंय का? तिचं 'मिस्टिसिझम' (गूढवाद, १९११) सुरुवातीपासून घेतलं, पण दुसऱ्याच प्रकरणात गाडी अडली.

जुनीवही: तिथे पुष्कळांची अडते. पहिल्या भागातलं सातवं प्रकरण, 'मिस्टिसिझम अँड मॅजिक', थेट उघडा. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच जादूविद्या-लेखक एलिफास लेव्ही याच्या आधाराने ती जादूची तीन गृहीतकं मांडते: सर्वत्र भरून राहिलेलं सूक्ष्म माध्यम, कमावलेल्या इच्छाशक्तीचं अमर्याद सामर्थ्य, आणि दृश्य-अदृश्यातलं साधर्म्य. धूप, उपास, जागरण, मंत्र, आकृत्या यांचा परिणाम आधी करणाऱ्याच्याच मनावर होतो, असं तिचं म्हणणं. चर्चच्या विधींतही ती जादूचा अंश बघते, आणि तेही न कचरता. फरक कुठे? जादूला मिळवायचं असतं, गूढवादाला द्यायचं असतं. हे प्रकरण वगळून पुढे गेलात तर ती जादूची नुसती टीकाकार वाटेल, आणि ते चूक आहे.

तळटीप: मंडळाबद्दल थोडं. १८८८ साली लंडनमध्ये निघालेलं मूळ 'गोल्डन डॉन' १९०३ पर्यंत फुटलं होतं. अंडरहिल गेली ती ए. ई. वेटच्या गटात. हाच तो टॅरो पत्त्यांचा प्रसिद्ध संच काढणारा वेट. त्याने विधींना ख्रिस्ती गूढवादाचं वळण दिलं आणि जादूचे प्रयोग बाजूला सारले. बदनाम इंग्रज मांत्रिक अ‍ॅलिस्टर क्रौलीला तर मूळ मंडळाने १९०० मध्येच बाहेरची वाट दाखवली होती, त्यामुळे अंडरहिल आणि क्रौलीला एका पंगतीत बसवणारे लेख खुशाल सोडा.

कादंबरी चालत असेल तर तिचीच 'द कॉलम ऑफ डस्ट' (१९०९) घ्या. पुस्तकांच्या दुकानात काम करणारी कॉन्स्टन्स जुन्या पोथीतला विधी करून बघते. बोलावलेला 'वॉचर' हा अदृश्य आत्मा येतो खरा, पण जायचं नाव घेत नाही. तिच्याच डोळ्यांनी जग बघत राहतो. बोलावणं जमलं, निरोप देणं जमलं नाही!

पुस्तककिडा: 'मिस्टिसिझम'ची कोणती आवृत्ती घेऊ?

जुनीवही: बारावी, १९३०ची, तिने स्वतः सुधारलेली. ती १९४१ साली वारली, म्हणजे भारतात तिची पुस्तकं केव्हाच हक्कमुक्त झालीत, फुकट मिळतील. शोधताना 'जॉन कॉर्डेलिअर' हे तिचं टोपणनावही टाका. टागोरांच्या कबीर-अनुवादाला तिची प्रस्तावना आहे, वाचा जरूर. फक्त जादू शोधायला तिथे जाऊ नका. १९२१ पासून कॅथलिक धर्मचिंतक बॅरन फॉन ह्यूगेल तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले, त्यानंतरच्या पुस्तकांचा सूर वेगळाच आहे.