कादंबरीच्या पहिल्या पानाची भीती वाटते. सुरुवात कशी करावी?

कोरी_वही

गेली दोन वर्षे मी एका कादंबरीची तयारी करीत आहे. तयारी असेच म्हणतो, कारण लेखन म्हणावे असे त्यात अद्याप काही नाही. पात्रांच्या टिपणांनी तीन वह्या भरल्या, प्रकरणांचा आराखडा चार वेळा बदलून झाला; परंतु पहिले प्रकरण लिहायला बसलो की दोन-तीन वाक्यांनंतर हात थांबतो. लिहिलेले बाळबोध वाटते, आवडत्या लेखकांची पाने डोळ्यांसमोर येतात आणि 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून मी वही मिटतो. कामावरचे अहवाल मी विनासायास लिहितो, त्यामुळे हा निव्वळ आळस असावा अशी बरेच दिवस माझी समजूत होती. पण आळशी माणूस टाळलेल्या कामाचा विचार करीत रात्र जागून काढीत नाही. 'इम्पोस्टर सिंड्रोम'विषयी बरेच वाचले, मार्ग मात्र सापडला नाही. ज्यांनी हा अडथळा प्रत्यक्ष ओलांडला आहे, त्यांनी नेमके काय केले? 'आत्मविश्वास बाळगा' याखेरीज काही सांगता आले तर उपकार होतील.

मुद्रितशोधक

आपण ज्याचा उल्लेख केलात ती संकल्पना मानसशास्त्रज्ञ पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये मांडली, आणि ती यशस्वी ठरलेल्या व्यक्तींविषयी होती: हाती यश असूनही ते आपले नव्हे असे वाटणाऱ्या. आपले काम अजून सुरूच झालेले नाही, त्यामुळे ते नाव आपल्याला लागू पडत नाही (आणि ते लावून घेण्याची घाईही करू नये).

आपल्या बाबतीत घडते आहे ते मला अधिक साधे वाटते. वही मिटताच जीव हलका होतो, आणि तो हलकेपणा हेच मिटण्याचे बक्षीस ठरते. म्हणून दुसऱ्या दिवशी वही अधिक लवकर मिटली जाते. टाळण्याने भीती शमत नाही, पोसली जाते. आराखडा चौथ्यांदा बदलणे हेसुद्धा माझ्या मते वही मिटण्याचेच एक प्रतिष्ठित रूप आहे. त्यात श्रम खरे असतात, म्हणून ते ओळखू येत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या घडणीची. 'मला कादंबरी लिहिता येईल का?' या प्रश्नाला टेबलाशी बसून उत्तर मिळत नाही, कारण तो आपल्याविषयी आहे आणि त्याचा पुरावा अजून निर्माण व्हायचा आहे. 'हे वाक्य बाळबोध का वाटते?' याला मात्र उत्तर असते: विशेषणे दोन झाली असतील, किंवा पात्राने सांगायची गोष्ट निवेदकाने सांगून टाकली असेल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्यूरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचे जे स्रोत मांडले, त्यांत सर्वांत प्रभावी स्रोत प्रत्यक्ष काम पार पाडल्याचा अनुभव हा आहे आणि इतरांनी दिलेला धीर त्याहून बराच दुबळा आहे. म्हणून आत्मविश्वासाची वाट पाहत बसलात तर हे घोंगडे भिजतच राहील.

मंद्रसप्तक

मी संगीताच्या बाजूने थोडे लिहितो, कारण वरील उत्तरात एक गोष्ट राहिली आहे असे मला वाटते: आपली भीती कादंबरीला नव्हे, तिच्या पहिल्या पानाला चिकटलेली आहे.

रशियन संगीतकार राखमानिनोव्ह यांच्या पहिल्या सिम्फनीचा (वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेचा) १८९७ मधील पहिला प्रयोग साफ कोसळला आणि त्यानंतर सुमारे तीन वर्षे त्यांच्या हातून फारसे काही लिहून झाले नाही. १९०० मध्ये डॉ. निकोलाय डाल यांच्याकडे उपचार घेतल्यावर ते पुन्हा लिहू लागले, ही हकिकत बहुतेकांना माहीत असते. मला त्यापुढचा तपशील अधिक मोलाचा वाटतो. त्यांच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोचे (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचे) दुसरे आणि तिसरे भाग आधी तयार झाले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात वाजवलेही गेले. पहिला भाग नंतर लिहिला गेला आणि संपूर्ण रचना १९०१ मध्ये सादर झाली.

जर्मन संगीतकार ब्राह्म्स यांचेही तसेच. बेथोव्हेन यांच्यानंतर सिम्फनी लिहिण्याचे दडपण त्यांच्यावर इतके होते की पहिली सिम्फनी रसिकांसमोर यायला १८७६ साल उजाडले. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. पहिल्या भागाचा खर्डा त्यांनी १८६२ मध्येच त्यांच्या स्नेही, पियानोवादक क्लारा शूमान यांना दाखवला होता, पण आज आपण ज्या संथ, भारदस्त प्रारंभाने दबून जातो तो त्या खर्ड्यात नव्हताच. तो मागाहून जोडला गेला.

तेव्हा तीन वह्यांतील जो प्रसंग आपल्याला सर्वांत स्पष्ट दिसतो, तो कितव्याही प्रकरणातला असो, आधी लिहावा. वाचकाला दिसणारी सुरुवात आणि लेखकाची सुरुवात एकच असली पाहिजे, असे कुठे आहे?

रेघोटी

मी चित्रे काढते, त्यामुळे लेखनाविषयी अधिकाराने बोलणार नाही. माझ्यापुरता उपाय फारच सामान्य होता: महागडी स्केचबुके कपाटात ठेवून मी पाठकोऱ्या कागदांवर काढू लागले. उंची कागद बिघडवण्याची भीती संपली आणि चित्रे पुढे सरकली.

मुद्रितशोधक यांच्याशी मात्र मी पूर्णपणे सहमत नाही. प्रत्येक शंका टाळाटाळीतून येत नाही. एकदा एका चित्रमालिकेबाबत मला सतत अस्वस्थ वाटत होते. ती भीती समजून मी रेटत राहिले आणि अकराव्या चित्रानंतर कळले की विषयच माझा नव्हता. पण हेही खरे की ते कळण्यासाठी अकरा चित्रे काढावी लागली. आणखी एक: पहिला खर्डा कोणालाही दाखवू नका, कौतुक करणाऱ्यांना तर मुळीच नको. एकदा कौतुक झाले की पुढचे पान त्या कौतुकाच्या धाकाखाली लिहावे लागते.

कोरी_वही

सर्वांचे आभार. प्रतिष्ठित रूपाविषयीचे वाक्य झोंबले, कारण पाचवा आराखडा मी परवाच सुरू केला होता. तो बाजूला ठेवून काल बाराव्या प्रकरणातील दोन भावांमधील भांडण अहवालाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिले. चार पाने झाली. त्यांतील दीड पान वाईट आहे, आणि ते का वाईट आहे हे मला सांगता येते: दोघेही भाऊ माझ्याच भाषेत बोलतात. हे आधी दुरुस्त करावे, की तसेच ठेवून पुढचा प्रसंग घ्यावा?

मुद्रितशोधक

समासात 'भाषा वेगळी हवी' एवढेच लिहून पुढे जावे. धाकटा भाऊ कसा बोलतो हे त्याच्या आणखी दोन-तीन प्रसंगांनंतर आपल्याला अधिक नीट ऐकू येईल. आज दुरुस्त केलेत तर अंदाजाने कराल.