भोक न पाडता घर लावताना: काढता आणि पुन्हा वापरता येणाऱ्या वस्तूंचे अनुभव

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आणि स्वतःच्याच घरातली मांडणी वरचेवर बदलणाऱ्यांना, खिळे-स्क्रू न ठोकता बसणाऱ्या वस्तूंची आता चांगलीच सवय झाली आहे. चिकटपट्टीचे हूक, स्प्रिंगचे रॉड, व्हॅक्यूम कप, चुंबकी पट्ट्या, सुटे होणारे रॅक हे सारे कसे बसवायचे, ते पाकिटावर लिहिलेले असते. परंतु ते निघाले कसे, मागे भिंतीवर काय राहिले आणि दुसऱ्या जागी ते तितकेच उपयोगी पडले का, हे केवळ वापरणाराच सांगू शकतो. म्हणून या धाग्यात बसवण्याइतकाच काढण्याचा अनुभवही लिहावा, अशी सर्वांना विनंती आहे.

*

नोकरीमुळे आम्हाला घरे बदलावी लागतात, त्यामुळे ओढून काढायच्या चिकटपट्टीचे हूक आमच्याकडे सर्वांत जास्त आहेत. यात हूक पुन्हा वापरता येतो, पट्टी मात्र दर वेळी नवी लागते. बसवण्यापूर्वी भिंतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, कारण साबणाच्या द्रावणाचा पातळ थर मागे राहतो आणि पट्टी त्या थराला चिकटते. हूक 30 सेकंद घट्ट दाबून धरावा आणि तासाभराने त्यावर वजन टाकावे.

खरी कसोटी काढताना लागते. एका हाताने हूक नुसता धरायचा, दाबायचा नाही. पट्टीची खालची शेपटी दुसऱ्या हाताने भिंतीला लगटून सरळ खाली, अगदी सावकाश ओढायची. पट्टी ताणत ताणत लांब आणि पातळ होते, कडेपासून भिंत सोडत जाते आणि शेवटी हूक अलगद हातात येतो. तीच शेपटी आपल्या बाजूला ओढली, तर पट्टी तुटते किंवा रंगाचा पोपडा घेऊनच येते. शेपटी तुटलीच, तर हेअर ड्रायरने जागा थोडी गरम करून दात साफ करण्याचा धागा हुकामागून करवतीसारखा फिरवावा.

भिंतीची परीक्षा मी तळहाताने करते. हात फिरवल्यावर पांढरी पूड लागली, तर तिथे कोणतीही पट्टी टिकणार नाही, कारण ती भिंतीला नव्हे तर त्या पुडीला चिकटते. जुन्या डिस्टेंपरच्या भिंती बहुधा अशाच निघतात. रंग नवा असेल, तर किमान आठवडाभर थांबलेले बरे.

*

माझा अनुभव पडद्यांच्या रॉडचा आहे. दोन भिंतींमध्ये दाबून बसणारा रॉड केवळ घर्षणावर उभा असतो, म्हणून समोरासमोरच्या दोन्ही बाजू भक्कम हव्यात. जिप्समच्या पार्टिशनला रेटा दिला की ते मागे जाते आणि रॉड सैल होतो. नुसत्या स्प्रिंगच्या रॉडपेक्षा फिरवून आवळायचा रॉड जास्त वजन घेतो. मात्र कोणताही रॉड जितका लांब ताणाल, तितकी त्याची क्षमता कमी होते, हे गृहीत धरूनच पडद्याचे कापड निवडावे. टोकांच्या रबराचे करडे वर्तुळ फिकट रंगावर उमटते आणि ते पुसून पूर्ण जात नाही, त्यामुळे मी हे रॉड टाइल्सवर किंवा खिडकीच्या दगडी चौकटीतच बसवते.

*

फर्निचर जोडणी हा माझा व्यवसाय असल्याने थोडे सविस्तर लिहितो. ‘सुटे होते’ आणि ‘पुन्हा जोडता येते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्टिकल बोर्डमध्ये थेट गेलेला स्क्रू एकदा काढून पुन्हा आवळला की आतला भुसा चुरतो, भोक सैल होते आणि पकड जाते. म्हणून रॅक घेताना जोड कॅम लॉकचे (एका फळीतली गोल चकती, म्हणजे कॅम, फिरवली की दुसऱ्या फळीतली पिन पकडणारे) आहेत की बोर्डमध्ये पितळी किंवा लोखंडी आट्यांची नळी बसवलेली आहे, हे पाहावे. नळीत बोल्ट धातूवर धातू फिरतो आणि बोर्डला झीज लागत नाही. कॅम लॉकमध्ये कॅम अर्धा फेरा फिरवून फळी सोडवावी, पण बोर्डमध्ये रुतलेली पिन तशीच राहू द्यावी. बहुतेक रॅकची वाट ती पिन उगाच काढल्यामुळे लागते.

स्क्रू जुन्या भोकात परत घालायचाच असेल, तर आधी तो उलटा फिरवावा. हाताला एक बारीक खटका जाणवतो. तिथे स्क्रूने जुनी आटी पकडलेली असते. मग सुलटा आवळावा.

एका बाबतीत मी ग्राहकांचे ऐकत नाही. लहान मूल असलेल्या घरात उंच रॅक वरच्या बाजूने भिंतीला स्क्रूने बांधलाच पाहिजे, आणि त्यासाठी घरमालकाची परवानगी मागावी. ते भोक नंतर पुट्टीने बुजते.

*

वरील मुद्द्याला जोडून सांगते. वडिलांसाठी न्हाणीघरात व्हॅक्यूम कपवर बसणारा आधाराचा दांडा आणला होता. गुळगुळीत टाइलवर तो घट्ट बसतो, पण कपची कड टाइलच्या सांध्यावर आली किंवा टाइल खरबरीत असली की हवा आत शिरते, आणि चांगल्या जागीही पकड हळूहळू ओसरते. पकड गेल्याची लाल खूण काही दांड्यांवर दिसते. मात्र घसरणारा माणूस आधी ती खूण पाहत नाही. आम्ही परवानगी घेऊन पक्का दांडा बसवला आणि व्हॅक्यूमचा दांडा टॉवेलसाठी ठेवला. तोल सावरण्यासाठी ज्याचा आधार घ्यायचा, ती वस्तू काढता येणारी नसावी, असे माझे ठाम मत आहे.

*

काचेसाठी गोंद नसलेली फिल्म उत्तम आहे. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून ती बसते, कोपरा धरून निघते आणि नळीला गुंडाळून ठेवली तर पुढच्या घरी पुन्हा लागते. घडी घातल्यास मात्र तिची रेघ जात नाही.

*

चुंबकी पट्ट्यांविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. पाकिटावरचे वजन चुंबक सरळ ओढून काढण्याच्या जोराचे असते. उभ्या पत्र्यावर वजन खालच्या दिशेने पडते, तिथे चुंबक सुटत नाही तर घसरतो, आणि त्याला त्याहून बरेच कमी वजन पुरते. रबराचा लेप असलेले चुंबक कमी घसरतात. शिवाय स्टेनलेस स्टीलच्या अनेक प्रकारांना चुंबक चिकटतच नाही, त्यामुळे खरेदीपूर्वी घरातला एखादा लहान चुंबक त्या जागी लावून पाहावा.